कोंडलेला उंट

१० मार्च, शनिवार

माझा नवरा सेद्राक होता तेव्हा दिवसभराची बडबड मी त्याच्यापाशी ओतायची आणि तो बुद्धिबळाच्या पटाकडे बघत नुसतं "हं, हं" करायचा. आता ऐकणारा गेला. भिंतींशी बोलायला लागले तर समोरच्या दारातली न्वार्द लगेच माझ्या मुलाला मॉस्कोला फोन लावेल, की तुझी आई गेली कामातून. म्हणून ही वही आणली.

आज जे झालं ते लिहून टाकते, नाहीतर पोटात दुखत राहील. ऊन पडायला लागल्यापासून अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली पुरुषांची बैठक पुन्हा भरते आहे. सकाळी ह्रांत वर आला. जन्मभर टॅक्सी चालवली, आता मांडवाचा राजा झालाय. दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, सेद्राकचा पट तेवढा द्या. तुम्हाला त्याचा काय उपयोग? धूळ खात पडलाय."

धूळ! अक्रोडाच्या लाकडाचा पट आहे तो, दर शनिवारी मी तेलाचा हात देऊन पुसते. ह्यांच्याकडे पुठ्ठ्याचा पट आणि हरवलेल्या हत्तीच्या जागी बाटलीचं बूच.

"पट येईल," मी म्हटलं, "पण माझ्याबरोबर येईल. सेद्राकच्या जागेवर मी बसेन."

तो हसला. "मांडवात बाई बसलेली कधी बघितलीय?"

"नाही बघितली, तर आज बघ."

पट काखेत मारला आणि उतरले खाली. आशोतआजोबा, सगळ्यांत वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि मांडवाचे पंच, त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. मी सेद्राकच्या बाकावर बसले. सोंगट्या कशा चालतात ते मला येतं. ते या गावात कुणाला येत नाही? तर ह्रांतनं काय केलं, पाचव्या खेळीला आपला वजीर माझ्या तोंडाशी टाकला. मला वाटलं, चुकला मेला. चाळीस वर्षं दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीत बसले मी, फुकट काही मिळत नसतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी उचलला. मग त्याच्या उंटानं शह दिला, राजा एक घर पुढे आला, घोडा नाचत आला आणि मात. सात खेळ्या फक्त!

"काय वहिनी, कॉफी गॅसवर ठेवून आला होतात वाटतं," ह्रांत म्हणाला. "बरं झालं, उतू जायच्या आत मोकळ्या झालात. उठा आता. हरला तो उठला, असा नियम आहे इथला."

सगळे खो खो हसले. मी उठले, पट आवरला आणि म्हटलं, "वर्दावारच्या दिवशी, जुलैतल्या पाण्याच्या सणाला, एक डाव. मी जिंकले तर ही जागा माझी. तू जिंकलास तर पट कायमचा खाली आणि मी कायमची वर."

"ऐकलं रे सगळ्यांनी," आशोतआजोबा म्हणाले.

आता घरी येऊन पट दोनदा पुसला. सेद्राकची एवढी एकच वस्तू आहे माझ्याकडे. पण बोलले ते बोलले.

१४ मार्च

सुरुवातीलाच मारलं मला त्यानं, म्हणजे सुरुवातच शिकायला हवी. न्वार्दच्या नातीचं शाळेचं बुद्धिबळाचं पुस्तक मागून आणलं. आठ वर्षांच्या पोरांना शिकवतात आता, गणितासारखं. चित्रं छान आहेत. मधली घरं धरा, घोडे बाहेर काढा, राजाला कोपऱ्यात नेऊन हत्तीआड लपवा. बरं, मग? पुढे काय? पुढे रंगवायचं पान आहे.

मग पुस्तकांच्या मोठ्या दुकानात गेले. विकणारी पोरगी फोनमधून डोकंही वर न काढता म्हणाली, "सगळ्यांत जाड ते घ्या मावशी, त्यात सगळं आहे." घेतलं. उचलताना खांदा दुखला.

२८ मार्च

त्या जाड्या पुस्तकात खरंच सगळं आहे. नुसते आकडे, अक्षरं, बेरजेची चिन्हं, वजाबाकीची चिन्हं. आठशे पानांत माणसाचा एक शब्द नाही. तरी मी हटले नाही. दवाखान्यात मला हजारो लोकांच्या फायलींचे नंबर पाठ होते, हे काय मोठं! स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट मांडून रोज एक पान घोकलं. वीस वीस खेळ्या धडाधड म्हणून दाखवते.

आज न्वार्दला समोर बसवलं. तिसऱ्याच खेळीला तिनं कोपऱ्यातलं प्यादं पुढे सरकवलं.

"हे का केलंस?"

"ते बिचारं कंटाळलं होतं."

पुस्तक उघडलं. ही खेळी कुठेच नाही! मी चाळत बसले आणि ती विचारतेय, "मग मी जिंकले का?" आता न्वार्दला काय खेळावं ते मला कळत नसेल तर ह्रांतपुढे काय उजेड पाडणार? रागानं पुस्तक दाराला अडकण म्हणून लावलं. त्या कामाला उत्तम आहे.

३१ मार्च, शनिवार

वेर्निसाजच्या बाजारात गेले होते. गालिचे आणि चांदीवाले संपले की पुढे जुन्या पुस्तकांचं टेबल लागतं. तिथे बसणारा माणूस गुर्गेन नावाचा, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा. दाढी वाढलेली, स्वेटरच्या कोपराला भोक. मी एक छोटं पुस्तक उचललं, वर लिहिलेलं होतं की दहा खेळ्यांत कुणालाही हरवा.

"ते नका घेऊ," तो म्हणाला.

"का? विकायला नाही ठेवलं?"

"ठेवलंय. पण तुम्हाला नाही विकणार. सगळे सापळेच आहेत त्यात. समोरचा चुकला तर तुम्ही शहाण्या. नाही चुकला तर तुमचीच सोंगटी भलत्या जागी जाऊन बसलेली."

मी म्हटलं, "तुम्ही दुकानदार आहात की माझे सासरे?"

माणूस हसला नाही, की चिडला नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "कुणाला हरवायचंय?" मग काय, मी सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगून बसले. ऐकून तो म्हणाला, "सुरुवातीचं पुस्तक निवडायचं असेल तर आधी मधलंच पान उघडावं. आकड्यांपेक्षा शब्द जास्त आहेत का बघा. प्यादं तिथे का गेलं, हे सांगतोय का बघा. आणि लेखकानं स्वतः हरलेला एक तरी डाव छापलाय का. नसेल तर ठेवून द्या, तो माणूस खोटं बोलतोय."

"मग द्या ना असं पुस्तक."

"आज नाही आणलं. पुढच्या शनिवारी या."

म्हणजे बसचं भाडं पुन्हा! टेबलाखाली एक खोकं भरून पुस्तकं होती, मी काय आंधळी आहे? पक्का खेळिया आहे हा भूगोलमास्तर.

२१ एप्रिल

मास्तरानं शेवटी एक पुस्तक काढलं. पातळ, रशियन, जिल्द सुटलेली. म्हणे, हे वाचून परत आणा, मग पुढचं देईन. एका वेळी एकच. मी म्हटलं, दोन्ही द्या, रोज रोज काय यायचं? तर म्हणाला, "दोन दिली तर एकही वाचून होणार नाही." माणसाला धंदा म्हणून कळत नाही.

पण पुस्तक! पुस्तक मात्र चांगलं आहे. माझ्याशी बोलायला लागलं ते. फ्रेंच बचाव नावाची एकच सुरुवात घेतलीय. काळ्याकडून खेळायची. पांढऱ्याची प्यादी एकामागे एक तिरकी साखळी करून अंगावर येतात, आणि पुस्तक सांगतं, घाबरू नकोस, साखळीच्या टोकाशी डोकं आपटू नकोस, तिच्या बुडाशी धक्का दे. हे मला पटलं. दवाखान्यात एखादा मोठा साहेब रांग मोडून आला की मी त्याच्याशी भांडायचीच नाही. त्याला आत सोडणाऱ्या शिपायाला धरायची.

एकच गोष्ट डोक्यात जाते. या सुरुवातीत आपलीच प्यादी आपल्याच एका उंटाची वाट अडवतात. पांढऱ्या घरांवरचा उंट. मेला बसतो घरात कोंडून, आजूबाजूला सगळा डाव रंगतो आणि तो खिडकीतून बघत राहतो. असली कसली ही सुरुवात? मास्तराला जाब विचारणार आहे.

५ मे

विचारला. तो म्हणाला, "उंट वाईट नाही. फक्त उशिरा बाहेर येतो. पुढच्या पुस्तकात तेवढंच आहे." आणि दुसरं पुस्तक दिलं. यात पूर्ण डाव आहेत, अगदी शेवटापर्यंत. मी म्हटलं, मला सुरुवात हवीय, शेवट घेऊन काय करू? "सुरुवात कळायला शेवट बघावा लागतो. ही प्यादी संपेपर्यंत तिथेच राहणार असतात, मग वीस खेळ्यांनंतर तुमची जागा काय असेल, ते नको कळायला?"

बाजूला पट मांडून एक डावही खेळतो आम्ही आता. गिऱ्हाईक आलं तर हातानंच थांब म्हणतो त्याला. आज त्यानं दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट होता. कुणाच्या तरी लग्नाला जायचं असेल. मी विचारलं तर म्हणाला, नाही. मग पुढे काही बोललाच नाही. चमत्कारिक माणूस.

मी निळा रुमाल बांधून गेले होते, जुना फाटलाय म्हणून.

१९ मे

आजचा दिवस वाईट. मास्तर म्हणाला, आज तुम्ही काळी घ्या, खरा डाव खेळू, बोलायचं नाही. मी काळ्या बाजूला बसले आणि मला काही ओळखेचना! सगळी पुस्तकं पाठ, सगळ्या कल्पना डोक्यात, आणि पट बघते तर परका. साखळी भलतीकडून येतेय, माझा वजीर कुठल्या हाताला आहे तेच सुचेना. पंधराव्या खेळीला संपले.

मास्तरानं सोंगट्या परत मांडल्या. मग म्हणाला, "बाई, पुस्तकातलं चित्र नेहमी पांढऱ्या बाजूनं छापलेलं असतं. घरी तुम्ही पट मांडून कुठे बसता?"

"स्टुलावर. ओट्याच्या बाजूला."

"म्हणजे पांढऱ्यामागे. पुस्तकातल्या चित्रासारखं."

"हो. मग?"

"काळ्यांचं सगळं तुम्ही पलीकडून बघितलंय. समोरच्या बाजूला जाऊन बसा."

मी म्हटलं, "समोर खुर्ची आहे, ती डुगडुगते."

"मग स्टूल तिकडे न्या."

"तिकडे जागा नाही!" मी ओरडलेच. बाजारातली चार माणसं वळून बघायला लागली. हा कोण मला माझ्या स्वयंपाकघरात कुठे बसायचं ते सांगणारा? पुस्तक त्याच्या टेबलावर आपटलं आणि आले. पुन्हा जाणार नाही.

२० मे

पट फिरवून बघितला. म्हणजे मी स्टुलावरच, काळी माझ्याकडे. पण मग समोर पांढरी, आणि त्यांच्यामागे रिकामी खुर्ची. सेद्राक नेहमी त्या खुर्चीवर बसायचा, खिडकीकडे पाठ करून. रिकामी कुठे, धुतलेल्या कपड्यांची चळत आहे तिच्यावर. नोव्हेंबरपासून आहे. इस्त्री करायला वेळ होत नाही.

पट परत होता तसा केला.

२६ मे, शनिवार

गेले नाही बाजारात.

दुपारी ह्रांत जिन्यात भेटला. तुती पिकल्यात, त्यानं वाटीभर आणल्या होत्या. "वहिनी, सोडा हो हा हट्ट," म्हणाला. "पट खाली द्या, तुम्ही कडेला खुर्ची टाकून बसा. बघत बसा हवं तेवढं. कुणी काही बोलणार नाही, मी सांगतो सगळ्यांना."

म्हणजे मला माझ्याच नवऱ्याच्या पटाजवळ बसायला ह्याची परवानगी! आणि तीही कडेला! मी म्हटलं, "ह्रांत, वर्दावारला छत्री घेऊन ये, रडशील तेव्हा उपयोगी पडेल."

तुती ठेवून घेतल्या. गोड होत्या.

संध्याकाळी खुर्चीवरचे कपडे उचलले. इस्त्री केली. त्यात त्याचा एक शर्ट निघाला. तोही इस्त्री करून ठेवला. मग खुर्चीवर बसले.

डुगडुगत नाही ती. मला माहीत होतं.

तिथून ओटा दिसतो, गॅस दिसतो, माझं स्टूल दिसतं. इतकी वर्षं तो पटाकडे बघतो असं मी समजत होते. तिथून मान वर न करताही माझं सगळं दिसतं. खूप रडले. मग तोंड धुतलं आणि काळी मांडली.

९ जून

मास्तराकडे गेले. काही झालंच नाही असं दाखवत होते, त्यानंही तसंच दाखवलं. माझं पुस्तक त्यानं बाजूला कागदात गुंडाळून ठेवलं होतं, तीन आठवडे कुणाला दिलं नव्हतं. काळ्याकडून खेळले. हरले, पण पंचेचाळिसाव्या खेळीला! शेवटी तो म्हणाला, "आज घाम फोडलात हं, वार्सेनिक." बाई म्हणायला विसरला. वय झालं.

निघताना पिशवीभर जर्दाळू दिले. झाडाला फार लागलेत, सडून जातील म्हणे. त्याचं घर चौथ्या मजल्यावर आहे असं मागे तोच म्हणाला होता. चौथ्या मजल्यावर कसलं झाड? मी पिशवी घेतली. फुकट मिळतंय तर का सोडा?

१ जुलै

तिसरं पुस्तक संपलं. यात त्या लेखकाचे हरलेलेच डाव जास्त आहेत. एका ठिकाणी लिहिलंय की इथे मी घाई केली, उंट आणखी एक खेळी थांबायला हवा होता. वाचून बरं वाटलं. एवढा मोठा माणूस, छापून सांगतोय की माझं चुकलं. आमच्या दवाखान्यातल्या एका तरी डॉक्टरनं कधी सांगितलं असतं!

घरी पट न मांडताही आता मला तो दिसतो. प्यादं कुठे आहे ते आठवावं लागत नाही, तिथे नसेल तर कुठे असणार, असं वाटतं. मास्तराला हे सांगितलं तर त्याचे डोळे चमकले. "आता तुम्हाला माझ्याकडच्या पुस्तकांची गरज नाही," म्हणाला. आवाज असा, जसं कुणी वारलंच आहे. मी म्हटलं, टेबलाखालचं खोकं अजून भरलेलं दिसतंय मला, एवढ्यात सुटका नाही तुमची. तर लाल झाला. ऊन फार आहे सध्या.

१५ जुलै, रविवार, वर्दावार

वही ओली झालीय, अक्षर पसरतंय. पण सगळं लिहिणार.

सकाळपासून गल्लीत पाण्याचा धुमाकूळ. आज कुणी कुणावर पाणी ओतावं, रागवायचं नाही, असा दिवस. बादल्या, पिचकाऱ्या, खिडक्यांतून घागरी. पाद्रीबाबासुद्धा निथळत चालले होते. मी पट प्लास्टिकमध्ये गुंडाळून खाली नेला. मांडव भरलेला. मास्तर आला होता, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. रविवारी, ऐन गर्दीच्या दिवशी टेबल बंद करून! धंदा कसा चालायचा या माणसाचा?

ह्रांतनं एकेक प्यादं लपवून मुठी पुढे केल्या. मी डावी निवडली. काळी.

"अरेरे," तो म्हणाला. "काळी आली वहिनींना. शोकाचीच आहेत म्हणा."

कुणी हसलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी आधीच काळ्यांमागे, सेद्राकच्या बाकावर बसले होते. मला ती काळी आपली वाटत होती.

त्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. मी एकच घर. "हे काय, भीती वाटते का पुढे यायला?" त्याची साखळी आली, मी तिच्या बुडाला धक्का दिला. त्यानं पुन्हा एकदा वजीर माझ्या अंगावर टाकून बघितला. मी बघितलं, का, कशासाठी, आणि नाही घेतला. तेव्हा पहिल्यांदा तो गप्प झाला. मग घोडा माझा, उंट त्याचा, अशी अदलाबदल झाली. माझा उंट अजून घरात. आशोतआजोबा पुटपुटले, "तो उंट काही आज बाहेर येत नाही." मी म्हटलं, "येईल. उशिरा येतो."

आणि आला. दोन खेळ्यांत वाट काढून असा बसला, की ह्रांतच्या राजाला कोपऱ्यात जायच्या वाटेवरच त्याची नजर. राजा मधेच अडकला. ह्रांतनं टोपी काढली. डोक्यावरचा घाम की पाणी, कळत नव्हतं. मास्तर नखं खात होता.

तेवढ्यात वरून बादली आली.

अख्खी बादली, वेलाची पानं फाडून थेट पटावर. सोंगट्या उडाल्या, हत्ती चिखलात, घोडे बाकाखाली. वर बघते तर गॅलरीत न्वार्द, आनंदानं टाळ्या वाजवतेय. "भिजवलं की नाही त्या ह्रांतला! वार्सेनिक, तुझ्यासाठी हं!"

देवा! असली मैत्रीण कुणाला देऊ नकोस.

मग ह्रांत उठून उभा राहिला, मिशा पिळत. "वर्दावार आहे, रागवायचं नाही. डाव गेला वाहून, काय करणार! बरोबरी धरू. वहिनी, बरोबरीलाही मान आहे माझ्या मनात. सेद्राकसाठी म्हणून कडेला बसा, मी जागा देतो."

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. सुटल्यासारखं वाटलं त्यांना, मला दिसत होतं. एक क्षण मलाही वाटलं, पट माझ्याकडे राहील, बसायला मिळेल, चल.

"बस खाली," मी म्हटलं. "कडेला मी बसणार नाही. डाव संपलेला नाही."

"कुठे आहे डाव? पटावर काही नाही!"

"मी मांडते."

"आणि मी कसं मानू ते?"

"प्रत्येक सोंगटी ठेवताना तिथे का, ते सांगेन. खोटं वाटलं तर तिथेच थांबव."

आशोतआजोबांनी बाकाखालून घोडे काढले, विजारीला पुसले. मी रुमालानं पट कोरडा केला आणि सुरुवात केली. "तुझं हे प्यादं इथे, कारण तिसऱ्या खेळीला तू ते पुढे रेटलंस, आणि आता त्याला मागे फिरता येत नाही. हे त्याच्या बुडाशी, तुझं सगळ्यात दुखरं. त्यावर माझा वजीर इथून आणि घोडा इथून. तुझा घोडा इथे, कारण तो हलला तर ते प्यादं पडतं. तुझा वजीरही त्याच कामाला बांधलेला, म्हणून इथे. तुझा राजा घरीच, कारण माझा उंट इथून बघतोय. तुझा हत्ती कोपऱ्यात, कारण राजाच्या वाटेवर खोळंबलाय. माझा हत्ती या मोकळ्या रस्त्यावर. दुसरीकडे तो कशाला जाईल?"

एकेक सोंगटी ठेवत गेले. ह्रांत प्रत्येक वेळी तोंड उघडायचा आणि मिटायचा. शेवटचं प्यादं ठेवलं आणि हात मागे घेतला.

"बरोबर आहे का रे?" आशोतआजोबांनी विचारलं.

ह्रांतनं एकेक सोंगटी नजरेनं तपासली. खोटं बोलू शकला असता. "बरोबर आहे," म्हणाला. "खेळी माझी होती."

"तुझीच होती," मी म्हटलं.

पुढे फार चाललं नाही. बुडातलं प्यादं पडलं, साखळी तुटली, हत्ती आत शिरला. राजा मधल्यामधे सैरावैरा. ह्रांतनं त्याला हळूच आडवा केला. बसूनच राहिला.

"हरला तो," मी म्हटलं.

तो उठला. मांडवात आरडाओरडा झाला, कुणी माझ्या डोक्यावर घागर रिकामी केली. मास्तर तर रडत होता, पण आज सगळेच ओले, त्याला वाटलं कुणाला कळणार नाही. वरून न्वार्द ओरडतेय, "कोण जिंकलं?"

ह्रांत म्हणाला, "पुन्हा खेळू. लगेच."

चाळीस वर्षं ज्या आवाजात बोलले, तो आवाज आपोआप आला. "रांगेत शेवटी उभा राहा."

१६ जुलै

सकाळी पट घेऊन खाली गेले. माझ्या जागेवर बसले. पहिला डाव जिंकला, दुसऱ्यात आशोतआजोबांनी मला साफ धुतलं. म्हाताऱ्याला काय काय येतं! एवढी वर्षं गप्प बसून होता. "उठा बाई," म्हणाले, अगदी मनापासून. हरले, म्हणून उठले, पट तिथेच ठेवला आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

माझ्यापुढे ह्रांत. बराच वेळ पाठच दाखवत होता. मग मान न वळवता, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "वहिनी... ते उंटाचं. कुठल्या पुस्तकात आहे?"

"नाही सांगणार," मी म्हटलं. "शोध."

उद्या लवकर उतरायला हवं, दहा वाजले की रांग लांबते. शनिवारी बाजारात जायचंय, निळा रुमाल धुवून टाकला आहे.